याकूबभाईंचा रशिया

सौदी अरेबियातल्या कतीफच्या बाजारात या आठवड्यात रुतब आला. रुतब म्हणजे झाडावरच मऊ पडू लागलेला ताजा खजूर. विकणारे तो उथळ टोपल्यांत मांडतात आणि वर ओलं फडकं टाकतात. शेजारच्या गाडीवर मोगऱ्याचे गजरे असतात. मोगऱ्याला इथे राझकी म्हणतात. समुद्रावरून येणारी हवा इतकी दमट असते, की थंडगार गाडीतून उतरलं की चष्म्याच्या काचा धुरकट होतात आणि माणूस अर्धा मिनिट आंधळ्यासारखा उभा राहतो. वास मात्र येत राहतात: खजुराचा, मोगऱ्याचा, मासळीबाजाराच्या धुतलेल्या फरशीचा.

या आठवड्यात धमक्याही आल्या. कोणी कोणाला दिल्या ते लिहीत नाही. हा मजकूर छापून येईपर्यंत धमकी देणारा आणि घेणारा यांनी जागा बदललेल्या असतील. त्या मानाने खजुराचा हंगाम भरवशाचा आहे.

मी दम्माममधल्या एका बांधकाम कंपनीसाठी रोज दोनदा एक पत्रक काढतो. त्याआधी बारा वर्षं नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे हे काम डोळे मिटून जमतं. पत्रकात तीन रकाने असतात: ठिकाण, घटना, आपल्या कामावर परिणाम. तिसऱ्या रकान्यात मी बहुतेक वेळा ‘नाही’ लिहितो. इमारत कोसळली, आत चाळीस माणसं होती, परिणाम नाही. बंदर बंद पडलं, पोलादाचं जहाज तीन दिवस उशिरा येणार, तर मात्र परिणाम आहे आणि तो ठळक अक्षरांत जातो. साहेब लोक फक्त ठळक अक्षरं वाचतात. कंपनीने घालून दिलेली एक शब्दसूचीही आहे. कोणत्या देशाला काय म्हणायचं, कोणत्या मृताला काय म्हणायचं, समुद्राचं नाव घ्यायचं की नुसतं ‘आखात’ म्हणून सोडून द्यायचं, हे सगळं तीत आहे. ती सूची वर्षातून दोनतीनदा बदलते. मेलेली माणसं बदलत नाहीत.

मला जो उन्हाळा आठवतो आहे त्यात जूनमधल्या एका शुक्रवारी पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. बारा दिवस ते चाललं. आमच्या इथून समुद्राचा पलीकडचा काठ इराणचा. पहिल्या दिवशी दुपारी मी गच्चीवर उभा राहून त्या दिशेला पाहिलं होतं. पाण्यावर वाफ होती. पलीकडे कोणी मरत असल्याची कोणतीही खूण या बाजूला नव्हती. खाली गल्लीत एक माणूस खजुराच्या झाडावर चढून घोसांना जाळीच्या पिशव्या बांधत होता, पाखरांनी टोचू नये म्हणून.

इराण, इस्रायल आणि अरब या तिघांचं वैर हजारो वर्षांचं आहे असं लोक सांगतात. ते भारदस्त वाटतं, आणि मग कोणालाच जबाबदार धरावं लागत नाही. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं वैर माझ्या वडिलांच्या नोकरीपेक्षा तरुण आहे. तेहरानमध्ये राजा होता तोवर इराणचं तेल इस्रायलला जात होतं. राजा गेला आणि इस्रायल सैतान ठरला. पुढे इराकशी जुंपली तेव्हा त्याच सैतानाकडून आलेली शस्त्रं इराणने निमूटपणे घेतली. अरब राजवटींनी त्या युद्धात इराकला पैसा पुरवला. युद्ध संपून दोन वर्षं झाली आणि तोच इराक कुवेतमध्ये घुसला. बगदादचा अर्धा बाजार एकेकाळी ज्यू व्यापाऱ्यांचा होता. आज तिथे ज्यू शोधावे लागतात. पॅलेस्टिनी माणूस या सगळ्यांच्या भाषणांत असतो आणि कोणाच्याच घरात नसतो. त्याच जूनमध्ये गाझात लोक पिठाच्या रांगेत मारले जात होते. ती बातमी आतल्या पानावर गेली. क्षेपणास्त्रं फोटोत जास्त चांगली दिसतात.

आपली माणसंही मागे नव्हती. जुबैलच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पुण्या-नाशिकच्या इंजिनिअर मंडळींचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गणपतीची वर्गणी आणि चितळ्यांची बाकरवडी कोण आणतंय एवढंच असतं. त्या बारा दिवसांत तिथे युद्धखातं उघडलं. ज्यांचा इस्रायलशी संबंध ठिबक सिंचनाच्या नळ्यांपुरता होता, ते ‘आपण त्यांच्याकडून शिकलं पाहिजे’ असं लिहीत होते. काय शिकायचं ते कोणी लिहिलं नाही. बाजारातल्या मल्याळी हॉटेलात याच्या उलट चाले. तिथे प्रत्येक इराणी क्षेपणास्त्राला चहाच्या पेल्यांनी सलामी मिळे, आणि ते पडलं कुठे, कोणावर, हे विचारणारा माणूस बेरंग करणारा ठरे. दोन्हीकडच्या शूरांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तिसऱ्याच देशाचा होता. त्या देशाने मनात आणलं असतं तर आठवड्याभरात दोघंही एकाच विमानातून मुंबईला उतरले असते.

मी दुपारी चारच्या सुमारास दम्मामहून परतताना मासळीबाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात थांबत असे. जूनमध्ये कतीफमध्ये बसण्यासारखी तेवढी एकच जागा आहे. याकूब मापारी तिथले फोरमन. दाभोळच्या खाडीकाठचे, सव्वीस वर्षं इथे. लादी साच्यातून निघताना जो आवाज होतो त्यावरून ते सांगत, पाण्यात मीठ किती आहे. होड्या पहाटे निघत, त्यांना रात्रीच बर्फ लागे. म्हणून दुपारी चारला याकूबभाईंचा दिवस अर्ध्यावर आलेला असे. बायको रुकय्याभाभी, आणि एकच मुलगी, सुमैया. ती इथेच जन्मली, दम्मामच्या भारतीय शाळेत शिकली, आणि आता रशियात, कझान नावाच्या गावी डॉक्टरी शिकत होती. हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. याकूबभाईंनी फोनमध्ये कझानचं हवामान लावून ठेवलं होतं. कोणीही विचारलं की ते आकडा वाचून दाखवत.

“उणे अठरा,” ते थंडीच्या दिवसांत सांगत.

“भाई, पोरगी गोठून जाईल तुमची,” हॉटेलवाला कोया म्हणे.

“बर्फवाल्याची पोरगी हाय. आम्हाला काय होत नाय.”

युद्धाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, “साहेब, तुमच्या त्या कागदात शिराझ येतं काय?”

“अजून नाही. का?”

“असंच. नाव बरं वाटतं कानाला.”

चौथ्या दिवशी पुन्हा शिराझ. पाचव्या दिवशीही. मग मी म्हणालो, “याकूबभाई, कझानचा माणूस रोज शिराझचं काय विचारतो?”

त्यांनी कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. तिथे एक बंगाली माणूस लाद्या फोडत होता, त्या आवाजात काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. तरी ते खालच्या आवाजात म्हणाले, “सुमैया तिथे हाय. रशिया नाय. कधीच नव्हता.”

गोष्ट साधी होती. मुलीला भारतात जागा मिळाली नाही. शिराझच्या कॉलेजची फी झेपणारी होती, मुलींचं वसतिगृह चांगलं होतं, इस्पितळ मोठं होतं. पण तिने प्रवेश घेतला त्या वर्षी सौदी आणि इराण यांच्यात दूतावाससुद्धा नव्हते. मशहद किंवा शिराझ, कोणत्याही इराणी शहराचं नाव इथे मोठ्याने घेण्यासारखं नव्हतं. कतीफमध्ये तर नाहीच, कारण कतीफ शिया वस्तीचं आणि त्याच्यावर सरकारची नजर कायमची. याकूबभाई दाभोळचे सुन्नी, त्यांना यातलं काही देणंघेणं नव्हतं. पण इकामा असतो माणसाचा, आणि तो संशयाला फार लवकर भितो. त्यांनी नकाशात बरंच वर बोट ठेवलं आणि मुलीला रशियात पाठवलं. इराणचा व्हिसा वेगळ्या कागदावर मिळायचा, पासपोर्टवर डाग नव्हता. ती सुट्टीला दुबईमार्गे यायची. सगळं नीट बसलं होतं.

सहाएक महिन्यांनी दोन्ही राजधान्यांनी तिसऱ्याच देशात बसून हात मिळवले. दूतावास उघडले. आमच्या शब्दसूचीतला एक शब्द गेला, दुसरा आला. आणि आता, इस्रायलने हल्ला केल्यावर, इथल्या सरकारी निवेदनात इराणचा उल्लेख बंधुराष्ट्र असा होता. दोन राज्यांना शत्रूचा भाऊ करायला एक दुपार पुरते. एक कारकून जुना कागद फाडतो, नवा टाइप करतो. याकूबभाईंकडे कारकून नव्हता. मेव्हण्याला, शाळेतल्या शिक्षकांना, कोयाला, मालकाला, सगळ्यांना रशिया सांगून झाला होता, आणि रशियाला हवामानही होतं. तो परत घ्यायचा कसा, हे त्यांना सुचलं नाही. म्हणून तसाच राहिला.

“शिराझवर काय पडलं काय?” त्यांनी विचारलं.

माझ्याकडे सकाळी एक बातमी आली होती. शहराच्या कडेला स्फोट, एकाच ठिकाणाहून कळलेलं, दुजोरा नाही. एका स्रोताची बातमी आम्ही पत्रकात घेत नाही. मी म्हणालो, “नोंद नाही.” हे खरं होतं. पत्रकारितेत जेवढं खरं लागतं तेवढं. ते चहाचा पेला घेऊन उठले आणि सरळ चालत गेले, आणि त्यांच्या चालण्यावरून मला कळलं की त्यांनी त्या दोन शब्दांवर पूर्ण भार टाकला आहे. दुसऱ्या दिवशी दुजोरा आला. पत्रकात गेला. तिसऱ्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं, आणि त्या दिवशी कारखान्यात थांबलो नाही.

मग इराणमधलं इंटरनेट बंद झालं. सुमैयाचा रोजचा मेसेज बंद झाला. याकूबभाई काम करत राहिले. त्या दिवसांत होड्याही कमी निघत होत्या, कारण त्यांच्यावरचं दिशा दाखवणारं यंत्र वेडं झालं होतं. कोणीतरी कुठेतरी उपग्रहाच्या संदेशांत गोंधळ घालत होतं. एका नाखव्याचं यंत्र त्याची होडी वाळवंटात दाखवत होतं. तो हसत हसत सांगत होता, “बाकीचे समुद्रात बुडतात, मी वाळूत बुडणार.” बाजारात सगळे हसले. बर्फ मात्र उरू लागला. याकूबभाईंनी साचे अर्धेच भरायला सांगितलं.

आठव्या दिवशी मी कारखान्यात होतो तेव्हा मेव्हण्याचा फोन आला. भाभींचा भाऊ, गावी राहतो. सगळे त्याला मामू म्हणतात. याकूबभाईंच्या हातात लाद्या ओढायचा लोखंडी आकडा होता, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवूनच उचलला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“याकूबभाय, आज दोनदा फोन आला. बाहेरचा नंबर.”

“कोणाचा?”

“बाई होती. बोलली, सुमैया तुमची कोण? शिराझमध्ये हाय, बस निघणार हाय, पालकांना विचारून यादीत नाव घालतंव. मी बोललो, आमची पोरगी रशियात हाय. राँग नंबर.”

बंगाली माणसाने लाद्या फोडणं थांबवलं होतं.

“मी काय कच्चा नाय,” मामू पुढे म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि तो रास्त होता. तीन वर्षं त्याला हेच पढवलेलं होतं. “दुसऱ्यांदा तर पोरीचा आवाज काढलान. मामू, मी सुमैया बोलतेय, असं रडून बोललान. तरी मी फसलो नाय. बोललो, आमची सुमैया कझानला हाय, आणि फोन बंद करून टाकला.”

कॉलेजच्या दप्तरात पालक म्हणून मामूचा नंबर होता. सौदीचा नंबर इराणात द्यायचा नाही, हे याकूबभाईंनीच मुलीला बजावलं होतं.

मी बरीच वर्षं युद्धाच्या बातम्या लिहिल्या आहेत. विमानं, पल्ला, टनभार, समृद्ध युरेनियमची टक्केवारी. त्या बारा दिवसांत दूरचित्रवाणीवर निवृत्त सेनापती नकाशावर बाण काढत होते, आणि प्रत्येक बाणाला नाव होतं. त्यातला एकही बाण दाभोळच्या खाडीकाठी जात नव्हता, जिथे एक भला माणूस आपल्या भाचीला ओळख दाखवत नव्हता आणि स्वतःवर खूश होता. सत्तावानांच्या वैराचं खरं काम असं दूर जाऊन होतं, आणि त्याचं श्रेय घ्यायलाही कोणी येत नाही.

याकूबभाईंनी त्या नंबरवर लावून पाहिलं. लागला नाही. मामूने पुन्हा लावून पाहिलं, आता रडत. लागला नाही. दम्माममध्ये एक निवृत्त शिक्षिका इराणात मुलं असलेल्या पालकांची नावं गोळा करून पुढे पाठवत होत्या, हे मला पत्रकासाठी माहिती काढताना कळलं होतं. मी सांगितलं. चला म्हणालो.

“आधी अबू हसनला सांगायला पायजे,” याकूबभाई म्हणाले.

अबू हसन हे कारखान्याचे मालक आणि त्यांचे कफील, म्हणजे ज्यांच्या हमीवर इकामा मिळतो ते. नाव अर्थातच हे नाही. कोणाचंच इथे खरं नाही. कतीफचं जुनं शिया घराणं, खजुराच्या बागा, आणि हा कारखाना. तीस वर्षं आमच्या लोकांबरोबर काढल्यामुळे त्यांना कामापुरती हिंदी येते. मी म्हणालो, त्यांना सांगायची आत्ता गरज काय? याकूबभाई म्हणाले, “उद्या दुसऱ्याकडून कळलं, तर मी त्यांना पण खोटं बोललो असं होईल. ते तर झालंच हाय. पण माज्या तोंडून कळू दे.”

अबू हसन कार्यालयात खजूर खात बसले होते. याकूबभाईंनी उभ्यानेच सांगितलं. अबू हसन उठले, दार लावलं, वातानुकूलन यंत्र मोठं केलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “हा लिहिणारा माणूस आहे.”

“ते लिहित नाय,” याकूबभाई म्हणाले.

“कोणाकोणाला सांगितलंस?”

“यांना. आता तुम्हाला. थोड्या वेळाने सगळ्यांना.”

“आज टीव्हीवर त्यांना भाऊ म्हणतायत, म्हणून?”

“माजी पोरगी अडकली हाय, म्हणून.”

अबू हसन यांनी बी काढून बशीत ठेवलं. “माझ्या आजीला मशहदच्या यात्रेला जायचं असायचं. कधी जाऊ द्यायचे, कधी नाही. मी एवढंच शिकलो, याकूब. परवानगी असते तेव्हाच तोंड जास्त बंद ठेवायचं. कारण परवानगीच्या दिवसांत कोण काय बोललं, तेच पुढे लक्षात ठेवतात.” मग ते म्हणाले, “मी काही ऐकलेलं नाही. खलास. जा.” आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून किल्ली टेबलावर सरकल्याचा आवाज आला. “माझी गाडी घे. तुझी पुलावर बंद पडते.”

दम्माममधल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर वीसेक माणसं होती. बहुतेक काश्मिरी आणि हैदराबादी बाप, काही आया. त्या निवृत्त बाई टेबलाशी वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सुमैयाला बारावीत जीवशास्त्र शिकवलं होतं. याकूबभाईंना पाहून त्या म्हणाल्या, “अरे मापारीभाई, आप यहाँ? सुमैया तो कझान में है ना? आपने बर्फ का फोटो भी दिखाया था.”

“फोटो नेट का था,” याकूबभाई म्हणाले. “बेटी शिराझ में है. मैं झूठ बोला था. उसका नाम लिखो, और लिखो की उसका बाप है.”

खोलीतल्या प्रत्येकाला आपापलं मूल होतं. बाईंनी काही न विचारता नाव, कॉलेज, इकाम्याची प्रत, फोन नंबर घेतला. आम्ही जिना उतरत असताना एक हैदराबादी शिंपी मागून आला आणि याकूबभाईंच्या कोपराला हात लावून थांबला. “भाई, मेरा लड़का जॉर्जिया में है बोलके सबको बताया,” तो म्हणाला. “वो भी शिराझ मेंच है. आप बोले तो मेरे को भी हिम्मत आई.” तो परत वर गेला. खालच्या पायरीवर आणखी एक जण उभा होता. तो आम्हाला वाट देऊन जिना चढू लागला.

ग्रुपवर ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. एका इंजिनिअरने लिहिलं, ‘अशा लोकांमुळे परदेशात आपल्या सगळ्यांची प्रतिमा खराब होते.’ त्याला अकरा अंगठे मिळाले. मी ग्रुप सोडला. ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

दहाव्या दिवशी अमेरिकेनेही इराणवर बॉम्ब टाकले. अकराव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रं गेली. आजूबाजूचं आकाश बंद झालं, विमानं माघारी वळली. हल्ला आधी कळवून केला होता, असं नंतर सगळ्यांनीच सांगितलं, आणि सगळ्यांनीच तो आपला विजय असल्याचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी युद्ध थांबलं. तिन्ही राजधान्यांनी जिंकल्याचं जाहीर केलं. मला एवढ्या विजयांसाठी पत्रकात एकच रकाना होता.

सुमैयाचं नाव यादीत चढलं होतं. बसने ती मशहदला पोचली, तिथून दिल्लीला. दिल्लीहून तिने फोन केला तेव्हा याकूबभाई साच्यांत पाणी सोडत होते. होड्यांची यंत्रं शुद्धीवर आली होती आणि बर्फाची मागणी परत आली होती. ते नळ बंद न करताच बोलू लागले, आणि पाणी वाहत राहिलं.

“अब्बा,” ती म्हणाली, “मामू ने मेरी आवाज़ सुनी थी.”

“हां बेटा.”

“सुनके बोला, राँग नंबर.”

“मी सांगितलं होतं त्याला. त्याची चूक नाय.”

“मुझे पता है किसकी चूक है,” ती म्हणाली. तिने कोणाचंही नाव घेतलं नाही, आणि याकूबभाईंनी विचारलं नाही.

त्या जुलैत खजुराचं पीक चांगलं आलं. मोहरमचे काळे कापडी फलक गल्ल्यांत लागले, अबू हसन यांच्या घरासमोर दर संध्याकाळी गुलाबाचं थंड सरबत वाटलं जाऊ लागलं. सुमैया भेटीच्या व्हिसावर आईबापाकडे आली आणि दोन महिने राहिली. मामूशी बोलली, रीतसर, कसे आहात, बरी आहे, एवढंच. बापाशी भाषा बदलून बोलायची: रोजचं हिंदीत, आणि जे टोचायचं ते इंग्रजीत, जे त्यांना अर्धंच कळे. ते अर्धं ते दिवसभर घेऊन फिरत. कारखान्यात मी थांबलो की विचारत, अमुक शब्दाचा अर्थ काय. मी सांगत असे. काही वेळा सौम्य करून सांगत असे. एका स्रोताची बातमी.

फोनमधून त्यांनी कझान काढून टाकलं. कोयाने विचारलं तेव्हा म्हणाले, “आता शिराझ. आज चौतीस.” कोया म्हणाला, “तेव्हाच बोललो असतो, भाई, रशियात जाऊन तुमची पोरगी गोरी कशी नाही झाली.” बाजाराचा सगळा सूड एवढाच. ज्या भीतीसाठी तीन वर्षं नकाशा हलवला, तिला बाजारात एक विनोद झाला. पोलीस आले नाहीत, कोणी इकामा मागितला नाही. मला हे सुखाचं वाटलं नाही. भीती खोटी होती असं कोणीही त्यांना आधी सांगू शकलं नसतं, कारण ती खोटी नव्हती. फक्त त्या वर्षी ती कोणाच्या कामाची नव्हती.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा घरात वाद झाले. भाभी नको म्हणत होत्या. सुमैया म्हणाली, दोन वर्षं राहिली आहेत, तिथले डॉक्टर त्या बारा दिवसांत पळून गेले नाहीत, मला त्यांच्याकडूनच शिकायचं आहे. तिकीट काढताना याकूबभाईंनी दुबईची वाट घेतली नाही. दम्मामहून सरळ मशहदला जाणारी विमानं पुन्हा सुरू झाली होती. त्यांत बहुतेक कतीफचे यात्रेकरू असतात.

मी विमानतळावर गेलो होतो, कारण याकूबभाईंची गाडी पुलावर बंद पडते. रांगेत काळ्या अबायांतल्या म्हाताऱ्या होत्या, पिशव्यांत खजूर, गळ्यात पासपोर्टच्या पाकिटाच्या दोऱ्या. आम्ही तासभर उभे होतो. सुमैया पुढे, भाभी तिच्या हाताला धरून, याकूबभाई बॅग ढकलत. काउंटर जवळ आलं तशी सुमैया बापाकडे वळून पाहू लागली. पुन्हा पुन्हा.

काउंटरवर एक तरुण सौदी होता. त्याने पासपोर्ट घेतला आणि अरबीत विचारलं, “कुठे?”

सुमैया बापाकडे बघत राहिली.

याकूबभाई पुढे झाले. त्यांची अरबी बाजारातली आहे, मोठ्या आवाजातच बोलायची सवय. “मशहद. तिथून शिराझ. ही माझी मुलगी. तिथे डॉक्टरी शिकते.”

तरुणाने मान वर केली नाही. “बॅगा किती?”

“एक,” भाभी म्हणाल्या.

“अब्बा, उसको पता है,” सुमैया हळूच म्हणाली. “टिकट पे लिखा है.”

“असू दे,” याकूबभाई म्हणाले. मग त्यांनी मागे वळून रांगेतल्या म्हातारीला ते पुन्हा एकदा सगळं सांगितलं, शहराच्या नावासकट. तिने काहीच विचारलेलं नव्हतं.